पाण्याचा दिवस : सोलापुरातली एक गल्ली आणि आठ तरुण

सोलापुरात 'आज आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे' एवढं म्हटलं की लग्नाला न जाण्याचं कारण पुरतं. समोरचा पुढं काही विचारत नाही. नळाला काही दिवसांतून एकदाच पाणी येतं, नक्की किती वाजता येईल याचा नेम नसतो, आणि ते येईल तेव्हा घरातलं एक माणूस मोकळं असावं लागतं. ते माणूस बहुतेक घरांत बाईच असते.

हे प्रकरण पूर्व भागातल्या एका गल्लीच्या पाण्याच्या वेळेचं आहे. ते लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. त्या पाण्याच्या निमित्तानं आठ शिकलेली, कमावती तरुण मुलं-मुली आपल्या शहराचं काम शिकायला निघाली होती. त्यांना तयार करायची जबाबदारी माझ्यावर होती, आणि त्यातली पहिली मोठी चूक माझ्याच डोळ्यांसमोर, माझ्या संमतीनं झाली.

मी लोकप्रशासन शिकवते. शहरांच्या स्थानिक कारभाराची ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, बाराव्या अनुसूचीत नगरपालिका-महापालिकांकडं सोपवायचे १८ विषय आहेत, हे माझे विद्यार्थी झोपेतही सांगतील. महापालिकेचं आपल्या भागातलं झोन कार्यालय कुठं आहे हे विचारलं तर निम्मे गप्प बसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये काही जुने विद्यार्थी आणि त्यांचे मित्र घरी आले. "मॅडम, शहरासाठी काहीतरी करायचंय. पण नुसतं झाडं लावून फोटो काढायचा नाही." एक सीए, एक वकील मुलगी, एक दंतवैद्य मुलगी, बांधकामातला एक स्थापत्य अभियंता, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारा एक संगणक अभियंता, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराचा मुलगा, एक वास्तुविशारद आणि एक प्राध्यापक. वयं २६ ते ३४.

या वयाची, या शिक्षणाची माणसं सोलापुरात टिकवणं हाच मुळात अवघड भाग आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस वर्षानुवर्षं आमची पोरं पुण्याला पोचवते. ज्या चौघांच्या स्मरणार्थ गाडीला ते नाव मिळालं, ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा याच शहरासाठी, १९३० च्या मार्शल लॉनंतर, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. हे मी पहिल्याच रविवारी सांगितलं. कुणाला भारावून टाकायचं नव्हतं. चार आडनावांकडं पाहिलं तरी हे शहर किती वेगवेगळ्या समाजांचं आहे ते कळतं, आणि पुढं ज्या गल्लीत आम्ही जाणार होतो तिथं तेलुगू, कन्नड, दखनी आणि मराठी एकाच नळावर बोलल्या जातात.

त्या वेळी महापालिकेत नगरसेवक नव्हते. २०१७ च्या निवडणुकीतल्या १०२ सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांकडं होता. मुलांना सुरुवातीला यात विशेष काही वाटलं नाही. "बरंच झालं की, राजकारण नाही," असं एकजण म्हणालासुद्धा. हे वाक्य त्यानं सहा महिन्यांनी स्वतःच मागं घेतलं, कारण रात्री एक वाजता पाणी आलं नाही तर कुणाच्या दारावर थाप मारायची, याचं उत्तर गल्लीतल्या बायकांकडं आता नव्हतं. नगरसेवक चांगला असो, वाईट असो, पण तो झोपेतून उठवता यायचा. पांढरपेशा घरांतून वाढलेल्या माणसाला नगरसेवकाचं हे काम कधी दिसत नाही, कारण त्याच्या घरावर टाकी असते, खाली हौद असतो आणि कमी पडलं तर टँकरला फोन जातो.

विषय पाण्याचाच घ्यायचा हे लगेच ठरलं. त्या पावसाळ्यात उजनी धरण पूर्ण भरलं नव्हतं, उन्हाळा कठीण जाणार हे दिसत होतं. शंभर किलोमीटरहून लांबून येणारी उजनीची जलवाहिनी, भीमेवरचा टाकळी बंधारा आणि हिप्परग्याचा तलाव अशा तीन ठिकाणांहून या शहराला पाणी मिळतं. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या, १९९२ च्या हद्दवाढीनंतर जवळजवळ १७८ चौरस किलोमीटरचा पसारा. एवढा सगळा विषय आठ जणांच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून एकच गल्ली आणि एकच प्रश्न घेतला: पाणी कधी येणार हे घरातल्या बाईला आधी कळावं.

संगणक अभियंत्यानं दोन रविवारांत संदेश पाठवायची सोय उभी केली. झोनकडून मिळणारं वेळापत्रक त्यात भरायचं, गल्लीतल्या नंबरांवर आदल्या संध्याकाळी मराठी आणि तेलुगूत संदेश जाणार. सुरेख केलं होतं त्यानं. मला इतका आनंद झाला की जो प्रश्न मी वर्गात हमखास विचारते तो विचारायचा राहिला: ही माहिती चुकली तर भुर्दंड कुणाला?

डिसेंबरच्या एका संध्याकाळी संदेश गेला, उद्या सकाळी ८ ते १०. पाणी आलं रात्री ११ वाजता. वीज गेल्यानं उपसा थांबला होता, टाकी भरलीच नव्हती. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. पण त्या गल्लीतल्या पंधरा-वीस बायका विड्या वळतात. सकाळी कारखान्याच्या शाखेत जायचं, काल वळलेल्या विड्या द्यायच्या, नापास विड्यांची छाट निघेल ती सोसायची, नवी पानं आणि तंबाखू घेऊन यायचं. एका सकाळी जाता आलं नाही की त्या दिवसाचा माल पडून राहतो आणि नवं पान नसल्यानं दुसऱ्या दिवशी विड्या वळायचं सूप रिकामं. म्हणजे दोन दिवसांची मजुरी. एरवी त्या शेजारणीला सांगून, पोराला शाळेतून थांबवून कसंतरी निभावायच्या. त्या दिवशी संदेशावर विश्वास ठेवून घरी बसल्या.

पुढच्या रविवारी आम्ही गल्लीत गेलो तेव्हा संगणक अभियंत्यानं समजावून सांगायला सुरुवात केली की अक्का, वीज गेली होती, आमच्याकडं जी माहिती आली तीच आम्ही दिली. एक वयस्कर अक्का सूप मांडीवरून न उतरवता म्हणाली, "वीज गेली ते कळलं. तुम्ही सांगितलं म्हणून मी गेले नाही, ते सांगतेय मी."

तो गप्प झाला. मीही. परत येताना अशोक चौकापर्यंत कुणी बोललं नाही.

त्या रात्री मला ठरवायचं होतं की हा खटाटोप चालू ठेवायचा का. तीन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. सोय बंद करून माफी मागायची आणि दुसरा निरुपद्रवी विषय घ्यायचा. वेळापत्रक अधिक अचूक करायच्या मागं लागायचं. किंवा जे झालं तेच शिकण्याची सुरुवात मानायची. पहिला मार्ग मला मनातून पटत होता, आणि तो मी का नाकारला ते स्पष्ट लिहायला हवं. शिकलेला माणूस शहराकडं ग्राहकासारखा बघतो. कर भरला, सेवा मिळाली नाही, तक्रार केली. सेवा द्यायला उतरला तरी चुकलं की 'आमच्या हातात नव्हतं' म्हणून बाजूला होण्याची त्याला मुभा असते. या मुलांना आयुष्यात पहिल्यांदा असं कुणीतरी भेटलं होतं, ज्याला त्यांनी उत्तर देणं लागत होतं. ती अक्का त्यांची ग्राहक नव्हती, रुग्ण नव्हती, अशीलही नव्हती. तिथून उठून गेलो असतो तर पुढची दहा शिबिरं घेऊनही काही हाती लागलं नसतं.

मग एक नियम केला: मार्च उजाडेपर्यंत कुणी उपाय सुचवायचा नाही, सादरीकरण करायचं नाही. प्रत्येकानं पाण्याच्या वाटेवरच्या एका माणसाबरोबर किंवा एका कागदाबरोबर राहायचं. गल्लीतल्या दोन बायकांना आमच्या रविवारच्या बैठकीत बोलवायचं, आणि त्यांच्यासमोर हिशेब द्यायचा. वास्तुविशारद आणि प्राध्यापक इथं गळाले. त्यांना दोष देत नाही. त्यांना वेळ देता येत होता, पण असा मोकळा, निकाल न दिसणारा वेळ देता येत नव्हता.

सगळ्यात जास्त शिकून आली ती दंतवैद्य. ती चार रात्री चावीवाल्या मामांच्या मागं फिरली. चावीवाला म्हणजे लांब दांड्याच्या लोखंडी चावीनं रस्त्यातला व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा माणूस. शहराच्या पाण्याबद्दल अधिकाऱ्यांच्या आकृत्यांत नसलेलं बरंच काही त्याच्या पायांत असतं. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या कोपऱ्याला धार येते, कुठं रात्री कुत्री आहेत, कुठलं घर पाणी सुटायच्या आधीच मोटर जोडून ठेवतं. तिला कळलेली मुख्य गोष्ट अशी: आदल्या संध्याकाळी वेळ सांगणं मामांनाही शक्य नव्हतं. टाकी किती भरली ते बघितल्यावरच ते निघतात. पण टाकीवरून निघाल्यापासून या गल्लीचा व्हॉल्व्ह येईपर्यंत सुमारे दोन तास जातात, कारण आधी दुसरे भाग होतात. म्हणजे बारा तास आधीची खात्री देता येत नव्हती, दोन तास आधीची देता येत होती. डिसेंबरात आम्ही नेमकं उलटं वचन दिलं होतं.

स्थापत्य अभियंत्यानं सुट्टीच्या दिवशी लेव्हल मशीन आणून आमच्या आणि पलीकडच्या गल्लीची उंची मोजली. आमच्या गल्लीचा पक्का समज होता की पलीकडची गल्ली मोटरी लावून आपलं पाणी ओढते. मोटरी दोन्हीकडं होत्या. पण आमच्या गल्लीची शेवटची सहा घरं बाकीच्यांपेक्षा जवळजवळ मीटरभर उंचावर निघाली, आणि दाब कमी असताना तिथं पाणी चढणारच नव्हतं. वर्षानुवर्षांचं भांडण एका मोजणीनं मिटतं असं नाही, पण निदान शिव्यांची दिशा बदलली.

वकील मुलीला माहिती अधिकाराचे बारा अर्ज टाकायचे होते. मी तिला आधी सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहायला पाठवलं, २०१८ च्या शासन आदेशानं ती वाट सगळ्यांना खुली आहे. अर्ध्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं तिथंच मिळाली. महापालिका अधिनियम तिनं नव्यानं वाचला. प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांतले जास्तीत जास्त तीन सदस्य घेता येतात, मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद आहे, हे तिला वकिलीत कधी लागलंच नव्हतं. आणि ही सगळी दारं निवडून आलेलं सभागृह असेल तरच उघडतात, हेही.

सीएचा अनुभव कडू होता. अंदाजपत्रक त्याला वाचता येईल असं त्याला वाटत होतं, कारण ताळेबंद हाच त्याचा धंदा. महिनाभर तो लेखाशीर्षांत, म्हणजे कुठला खर्च कुठल्या खात्यात, यात अडकला. शेवटी कळलं की त्या सहा घरांसाठी हवा असलेला व्हॉल्व्ह आणि थोडी वाहिनी ही नवी योजना ठरत नाही, देखभाल-दुरुस्तीत बसते. पण अशी मागणी हिवाळ्यातच झोनमधून वर गेलेली लागते. आमचा कागद फेब्रुवारीच्या अखेरीस तयार झाला. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. नवं काम, नवी निविदा, सगळं थांबलं. तो माझ्यावर चिडला, "मॅडम, हे तुम्हाला माहीत होतं." माहीत होतं. मी त्याला दोनदा सांगितलंही होतं, पण सांगितलेलं आणि कॅलेंडरवर आपटून कळलेलं यात फरक पडतो. तरीही तो व्हॉल्व्ह एक वर्ष उशिरा आला तर त्या सहा घरांना त्याचा त्रास आहे, माझ्या शिकवण्याच्या पद्धतीला नाही. हे मला अजून टोचतं.

आता टॉवेल कारखानदाराच्या मुलाबद्दल. या प्रकरणात मी सर्वांत जास्त विचार केला तो त्याच्यावर.

दोन तासांच्या निरोपानं अर्धा प्रश्न सुटत होता. उरलेला अर्धा क्रमाचा होता. आमच्या गल्लीची पाळी सकाळी विडी कारखान्याच्या वेळेवर पडायची. क्रम उलटा केला तर पलीकडच्या गल्लीला ती वेळ जाणार होती. तिथं यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेली माणसं सकाळी झोपतात. म्हणजे एकाची सोय दुसऱ्याच्या झोपेतून काढायची होती. इथवर आमचं काम सेवेचं होतं, इथून पुढं राजकारणाचं झालं. मी हा शब्द चांगल्या अर्थानं वापरते आहे. कुणाला किती, कुणाच्या बदल्यात आणि कुणाच्या संमतीनं, हे ठरवणं म्हणजेच नगराचं राजकारण.

दोन्ही गल्ल्यांची एकत्र बैठक घ्यायची ठरलं. कारखानदाराचा मुलगा तेलुगू अस्खलित बोलतो, दखनीही चांगली. सभा चालवायला तोच योग्य, असं सगळ्यांना वाटलं. बैठक समाजमंदिरात भरली, पन्नासएक माणसं आली, त्यानं छान सुरुवात केली, आणि पलीकडच्या गल्लीनं दहा मिनिटांत सगळं मान्य केलं. एकही हरकत नाही.

आम्ही खूश होऊन बाहेर पडत होतो. चावीवाले मामा दंतवैद्य मुलीला हळूच म्हणाले, "ताई, त्यातले सात-आठजण याच्या वडलांच्या कारखान्यात आहेत."

तो खरोखर भला मुलगा आहे. त्यानं कुणावर दबाव आणला नव्हता, त्याला ती माणसं चेहऱ्यानं ओळखूही आली नव्हती. तेच जास्त लागलं त्याला. मालकाचा मुलगा समोर बसून विचारतो की चालेल का, तर मागावरचा माणूस 'नाही' कसं म्हणणार? पुढचे दोन रविवार तो आलाच नाही. मग एकटा घरी आला आणि म्हणाला, "मी राहिलो तर लोक खरं बोलणार नाहीत आणि गेलो तर पळून गेल्यासारखं होईल." मीही लगेच काही सुचवलं नाही. शेवटी त्यानंच मार्ग काढला. पलीकडच्या गल्लीत जाऊन त्यानं सांगितलं की मी अमक्याचा मुलगा, हे मी आधी बोलायला हवं होतं, मागचा निर्णय रद्द समजा. दुसरी बैठक त्याच्याशिवाय झाली. त्या अक्का आणि पलीकडचे एक निवृत्त माग कामगार, दोघांनी मिळून ती चालवली. या वेळी दीड तास कडाक्याचं भांडण झालं. भांडण ऐकून मला बरं वाटलं. तडजोड निघाली ती आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हती: क्रम दर पाळीला आलटून-पालटून, आणि दोन्हीकडं पहिला अर्धा तास मोटर लावायची नाही. झोनच्या कनिष्ठ अभियंत्यांनी ते ऐकून घेतलं आणि मामांच्या वहीत क्रम लिहून दिला. कारखानदाराचा मुलगा त्यानंतर फक्त पत्रांच्या नकला आणि फाईल सांभाळतो. वडलांच्या कारखान्यातल्या रात्रपाळीबद्दल त्याचं घरात काय बोलणं चालू आहे ते मी विचारलेलं नाही.

त्या जानेवारीत आम्ही सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या काठ्या, बघायला गेलो होतो. सात काठ्या, प्रत्येकीचा मान ठरलेला. उंच, जड काठी एकटा माणूस पेलतो आहे असं लांबून दिसतं. जवळ गेलं की बदलीला उभे असलेले, रस्ता मोकळा करणारे, तोल गेला तर आधार द्यायला हात पुढं करून चालणारे दिसतात. या मानकऱ्यांचा सराव यात्रेच्या कितीतरी आधीपासून चालतो. कारखानदाराचा मुलगा त्या गर्दीत बराच वेळ काठीऐवजी भोवतीच्या माणसांकडं बघत होता, ते मला तेव्हा नुसतंच दिसलं होतं.

उन्हाळ्यात आमची व्यवस्था मोडली. उजनीचा आधीच वजा झालेला साठा आणखी खाली गेला, खोल गेलेलं पाणी उचलायला दुबार पंपिंग आलं, पाण्याच्या दिवसांतलं अंतर वाढलं. माणसं हवालदिल असली की पहिला अर्धा तास मोटर न लावण्याचा शब्द टिकत नाही. मे महिन्यात एका घरानं लावली, आठवड्यात सगळ्यांनी लावली. निरोपाची साखळी मात्र टिकली. मामा टाकीवरून निघाले की एका नंबरावर मिस्ड कॉल देत, ती बाई दोन घरांना हाक मारी, आणि पुढचं गल्ली बघून घेई. संगणक अभियंत्याची सोय कधीच बंद झाली होती. त्याला जूनमध्ये कंपनीनं ऑफिसला बोलावलं आणि तो पुण्याला गेला. जायच्या आधी त्या अक्कांना भेटून गेला.

ऑगस्ट २०२४ मध्ये उजनी भरलं. अर्ध्या तासाचा नियम बायकांनीच पुन्हा सुरू केला, या वेळी दर पाळीला एका घराकडं देखरेख देऊन. आठातले पाच उरले होते.

सहा उंच घरांच्या व्हॉल्व्हचा कागद पुन्हा करायची वेळ दिवाळीच्या आधीच आली. सीएनं या वेळी तारखा भिंतीवर लावून ठेवल्या होत्या. तो मसुदा घेऊन गल्लीत गेला तेव्हा अक्कांनी त्याला तो दोनदा वाचून दाखवायला लावला. एका ठिकाणी 'नागरिकांची गैरसोय' असं लिहिलं होतं. "गैरसोय म्हणजे?" त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं. "मग तसं लिहा की, दोन दिवसांचं पान बुडतं म्हणून."

त्यानं ते खोडून तसं लिहिलं. झोन कार्यालयात चार बायका आत गेल्या. सीए आणि दंतवैद्य बाहेर बाकावर बसून होते, फाईलची नकल हातात घेऊन. पाऊण तासानं बायका बाहेर आल्या, पोचेचा शिक्का दाखवला, आणि त्यातली एक घाईघाईनं रिक्षा बघायला लागली, कारण तो पाण्याचा दिवस होता आणि मामांचा मिस्ड कॉल येऊन गेला होता.